गळालेलं बिरुद

१

पेटीत पत्र होतं, पण मोहर नव्हती.

किलितने पत्र उजेडात धरलं. चामडी कागदाच्या खालच्या घडीला पाडलेली दोन भोकं होती, त्यांत तांबड्या रेशमी गोफाचा नखाएवढा तुकडा अडकला होता. त्या गोफाला लोंबणारी धाकट्या राजाची तळहाताएवढी मेणाची मोहर कुणीतरी सुरीने कापून नेली होती.

वेरेश्कोच्या मठात ही पेटी गेली एकतीस वर्षं किलितच्या ताब्यात होती. आसपासच्या चार परगण्यांतल्या जमिनींचं सत्य ह्या पेटीत ठेवलेलं असे. लोक इथे येत, सनद करून घेत, एक प्रत घरी नेत, दुसरी इथे ठेवत, आणि पुढे भांडण झालं की किलितकडे धावत. किलित स्वभावाने तिरसट, कानाने थोडा जड. पण पेटीतलं प्रत्येक पत्र त्याला पाठ होतं. मोहर कापलेलं हे पत्र म्हणजे प्रार्थनेबद्दल धाकट्या राजाने मठाचे मानलेले चार ओळींचे आभार होते. त्यात चोरण्यासारखं काही नव्हतं.

म्हणजे चोराला पत्र नकोच होतं, त्याला मोहर हवी होती. आणि खरी मोहर एकाच कामाला लागते, हे किलितला कुणी सांगायला नको होतं. ती खोट्या सनदेला लटकवायची असते.

त्याने घाईघाईने बाकीची पत्रं उलटीपालटी करून पाहिली. सगळी जागच्या जागी होती. थोरल्या राजाचं, म्हणजे धाकट्याच्या बापाचं, ते माशांचं पत्रसुद्धा होतं. मांस वर्ज्य असलेल्या उपासाच्या दिवसांत मठाने नदीतले मासे पाठवावेत एवढ्याशा कामासाठी राजाने आपली सगळी राज्यं ओळीने मांडली होती, आणि तीही आठांऐवजी सातच. दोन वर्षांपूर्वी पत्र आलं तेव्हा किलित आणि लेखनघराचा मुख्य डोमोकोश आठवडाभर हसत होते. "उपासाने लेखनिकाला भोवळ आली असेल," असं डोमोकोश म्हणाला होता.

पेटीला कुलूप एक आणि किल्ल्या दोन. एक किलितच्या कमरेला, दुसरी डोमोकोशकडे. तीन राजांच्या सणाला, जानेवारीत, किलितने पेटीतली पत्रं मोजली तेव्हा मोहर होती. आता ईस्टरचा उपास चालू होता.

खाली अंगणात घोड्यांच्या टापा वाजल्या. परगण्याचा इश्पान, राजाच्या वतीने निवाडा करणारा चोबान, ठरल्याप्रमाणे आला होता. केकेश गावाच्या मालकीचा वाद आज त्याच्यासमोर निघायचा होता. त्या वादात दोन सनदा होत्या, दोन्ही धाकट्या राजाच्या, आणि दोन्हींना मोहरा होत्या.

त्यांतली एक मोहर माझ्या पेटीतली आहे, असं किलितच्या मनात आलं आणि त्याने पेटी बंद केली.

२

चोबान भोजनशाळेत बसून मुगुर माशाचं कालवण ओरपत होता. दांडगा माणूस. लहानपणी त्याला धर्मगुरू करायचं ठरलं होतं, म्हणून लॅटिन शिकला. मग थोरला भाऊ लढाईत मेला आणि ह्याच्या हाती तलवार आली. दाराशी त्याचे सहा कुमान स्वार उभे होते. टोकदार टोप्या, लांब वेण्या, कमरेला धनुष्यं. पूर्वेच्या गवताळ रानातून आलेले हे लोक ज्या राजाच्या बाजूने घोडा वळवतील तो राजा लढाई जिंकतो, हे बाप-लेकांच्या युद्धात सगळ्या देशाने पाहिलं होतं. सध्या ते लेकाच्या, म्हणजे धाकट्या राजाच्या बाजूला होते.

किलितने चोरीची गोष्ट सांगितली. चोबानने चमचा खाली ठेवला.

"म्हणजे दोहोंतली एक सनद खोटी. बरं झालं, काम सोपं झालं. वाचा."

पहिली सनद पेतेंदची. पेतेंद हा केकेशच्या मेलेल्या मालकाचा, तीबाचा, चुलतभाऊ. गुळगुळीत दाढी, बोटात तीन अंगठ्या. डोमोकोशने लॅटिनमधली सनद सगळ्यांना कळेल अशी हंगेरियनमध्ये वाचली, आणि वाचायला त्याच्यासारखा दुसरा माणूस नव्हता. बिरुदं उच्चारताना त्याचा आवाज देवळाच्या घंटेसारखा भरून येई.

"देवाच्या कृपेने हंगेरीचा धाकटा राजा, एर्देली प्रांताचा अधिपती, कुमानांचा स्वामी…"

दारातले कुमान समाधानाने हलले. राजा पेतेंदला केकेश गाव देत होता. तारीख: दोन वर्षांपूर्वीची, मारियेला देवदूताने संदेश दिला त्या सणाआधीचा सोमवार.

दुसरी सनद तीबाच्या विधवेची, आयांदोकची. गाव तेच, मोहर तशीच, तारीख एका दिवसाने नंतरची, मंगळवार. डोमोकोशने सुरुवात केली, "देवाच्या कृपेने हंगेरीचा धाकटा राजा, एर्देली प्रांताचा अधिपती…" आणि तो थांबला. कागद डोळ्यांजवळ नेला. मग हसला.

"पुढे?" चोबानने विचारलं.

"पुढे काही नाही, सरकार. बिरुद इथेच संपलंय."

"आणि आम्ही?" दारातून कुमानांचा नायक म्हणाला. हंगेरियन तो मोडकीतोडकी बोलायचा, पण समजायचं त्याला सगळं. "आम्ही कुठं गेलो?"

"तुम्हाला गाळलंय," डोमोकोश गोड आवाजात म्हणाला. "राजाचं लेखनघर असं करणं शक्यच नाही. हे खोटं लिहिणाऱ्याचं काम आहे. आणि सरकार, हे अक्षर मी रोज पाहतो. हे आपल्या पोशाचं अक्षर आहे."

कोपऱ्यात दौती घासत बसलेला लेखनिक पोशा उठून उभा राहिला. चाळिशीचा, एका डोळ्याने अधू.

"तू लिहिलीस?" चोबानने विचारलं.

"मीच लिहिली, सरकार. तेव्हा मी धाकट्या राजाच्या लेखनघरात होतो. सनद खरी आहे."

"मग कुमानांचं बिरुद कुठे आहे?"

पोशाने हातातली दौत बाकावर ठेवली.

"विसरलास?"

"नाही."

"मग?"

पोशाने मान खाली घातली. डोमोकोश हळूच म्हणाला, "माझी किल्ली लेखनघरात खिळ्याला असते, सरकार. त्या खिळ्याखालीच ह्याचं बाक आहे. आणि विधवा अजून तरुण आहे, हेही सगळ्यांना दिसतंय."

"जीभ आवर, कागदकिड्या!" आयांदोक तडकली.

कुमान नायकाचा हात सुरीकडे गेला. चोबानने तळहाताने टेबलावर थाप मारली. "बास! खोट्या सनदेचा लेखनिक कपाळावर डाग घेतो, हा कायदा आहे. संध्याकाळच्या प्रार्थनेची घंटा होईपर्यंत पोशाने तोंड उघडावं. नाही उघडलं तर केकेश पेतेंदचं, आणि ह्याच्या कपाळावर तापलेली मोहर. मठाचं लोखंड कुणाकडे असतं?"

"माझ्याकडे," किलित म्हणाला. त्याला स्वतःचाच आवाज ऐकू आला नाही.

डागही त्यालाच द्यावा लागणार होता. पेटी, मोहर आणि ते लोखंड, तिन्ही राखणदाराच्या कामात येत. आणि पोशाला हातात हात धरून पहिलं अक्षर काढायला त्यानेच शिकवलं होतं.

३

पोशाला दारूच्या तळघरात कोंडलं होतं. किलित पिंपावर बसला.

"बोल."

"काय बोलू, काका?"

"गाढवा, दुपार झालीय! तू कुमानांना का गाळलंस ते बोल. झोप आली होती? शाई संपली होती? मीच चोबानला सांगतो की पोरगं आधीपासून वेंधळं."

"मी वेंधळा नाही. तुम्हीच शिकवलंय मला." पोशा क्षीण हसला. "बिरुद लिहिताना श्वास रोखून धर, म्हणायचात."

"मग कुणी सांगितलं होतं तुला गाळायला?"

पोशाचा चांगला डोळा भिंतीकडे गेला. किलितने ते पाहिलं. नेम बरोबर बसला होता.

"शपथ घेतलीयस का?"

पोशा पिंपाच्या कड्यावरून बोट फिरवत राहिला.

"कुणापुढे? अरे, मान तरी हलव! तुझं कपाळ जाळणार आहेत ते. मला जाळायला लावणार आहेत!"

"तुमचा हात हलका आहे, काका," पोशा म्हणाला. "दुसऱ्या कुणाला देऊ नका."

किलितने त्याला एक शिवी हासडली. मग त्याला रडू आलं, म्हणून आणखी एक हासडली आणि तो जिना चढून वर आला.

४

आयांदोक विहिरीच्या कट्ट्यावर बसली होती. तिच्याबरोबर आलेली केकेशची दोन म्हातारी माणसं घोड्यांना पाणी पाजत होती.

"बाबा, खरं सांगा, ती सनद खोटी असू शकते का?" तिने विचारलं. "माझ्या नवऱ्याने राजासाठी बरगडीत भाला खाल्ला. त्याच जखमेने गेला. मरताना म्हणाला, सनद जप. आणि आता हे म्हणतात खोटी."

"नवरा घरी आला तेव्हा काय म्हणाला होता? आठव. काहीही."

"आनंदात होता. म्हणाला, राजाने स्वतःच्या हाताने दिली." ती घुटमळली. "एक गोष्ट मला तेव्हाही खटकली. नवी सनद रविवारी देवळाच्या दारात वाचून दाखवतात ना? सगळ्या गावाने ऐकावी म्हणून? त्याने वाचू दिली नाही. पिठाच्या डब्यात लपवली. म्हणाला, राजानेच बजावलंय, ही चारचौघांत वाचायची नाही. आणि गवताळ रानाकडच्या शेजाऱ्यांच्या कानावर तर मुळीच जाऊ द्यायची नाही."

"गवताळ रानाकडे कोण शेजारी आहेत तुझे?"

"कुमान. त्यांचे कळप चरतात तिथे."

किलितने कान पुढे केला. "पुन्हा सांग."

तिने पुन्हा सांगितलं. खोटी सनद करणारा माणूस ती मिरवतो. खरी सनद लपवून ठेवायला राजा कशाला सांगेल?

"आणि पेतेंदला तुझ्या सनदेची तारीख कशी ठाऊक?"

"नवऱ्यानेच सांगितली. बारशाला दोन प्याले जास्त झाले आणि म्हणाला, संदेशाच्या सणाआधीच्या मंगळवारी गाव मिळालं. दाखवली मात्र नाही कुणाला."

म्हणजे पेतेंदला फक्त वार ठाऊक होता. आदला दिवस टाकला की त्याची सनद आधीची ठरते आणि गाव त्याचं होतं. किलित लेखनघरात गेला. पेतेंद तिथे डोमोकोशच्या बाकावर पाय सोडून बसला होता आणि सुके नाशपती खात होता.

"या, राखणदार! लोखंड घासलंत का?"

"तुमची सनद देवळाच्या दारात वाचली होती?"

"वाचायला हवी होती, राहून गेली. लढाया चालू होत्या हो." पेतेंदने बी थुंकली. "डोमोकोश, मठाच्या प्रमुखाची खुर्ची अजून रिकामीच आहे ना रे? नाताळात म्हातारा गेला. आमच्या घराण्याने नाव सुचवायचं असतं. माझे चुलते मला रोज विचारतात, कुणाचं नाव द्यायचं."

"देवाची इच्छा असेल तसं होईल," डोमोकोश नम्रपणे म्हणाला. मग किलितकडे वळून म्हणाला, "वाईट वाटतं रे मला पोशाचं. पण बिरुद गाळणं म्हणजे राजाचं बोट छाटणं. मी असतो तर हात तोडून घेतला असता, पण एक शब्द कमी लिहिला नसता. माझ्याकडून आजवर झालंय असं कधी?"

"कधीच नाही," किलित म्हणाला, आणि ते अगदी खरं होतं.

५

उन्हं कलायला लागली. किलित पेटीपुढे मांडी घालून बसला. पोशाच्या डोळ्याने सांगितलेलं आणि आयांदोकने सांगितलेलं त्याने मनात शेजारी शेजारी ठेवलं. बिरुद गाळण्याचा हुकूम होता. त्या हुकमाची शपथ होती. आणि कुमानांना कळू द्यायचं नव्हतं.

कुणाला सांगून तरी पटेल का? राजा आपलं बिरुद वाढवतो. नवं गाव जिंकलं की बिरुदात घालतो, आणि कधी कधी न जिंकताही घालतो, म्हणजे शेजाऱ्याची झोप उडते. कमी का करेल? कोण भाग पाडेल?

त्याला समोरच्या पत्रावर थोरल्या राजाची मोहर दिसली. भाग पाडणारा एकच होता. बाप.

सनदांवर तारीख होती त्याच आठवड्यात बाप आणि लेक नदीतल्या सशांच्या बेटावर तहाला बसले होते. प्रत्येकाबरोबर मोजकी माणसं. सणाच्या दिवशी तह झाला, घंटा वाजल्या, हे सगळ्या देशाला माहीत होतं. पण तहाआधीचे दिवस कसे गेले ते कुणालाच माहीत नव्हतं. आणि सगळ्यांत मोठं भांडण कशावरून होतं? कुमान कुणाचे, ह्यावरून. बाप स्वतःला कुमानियाचा राजा लिहायचा, लेक कुमानांचा स्वामी.

किलितने माशांचं पत्र उलगडलं आणि आठवडाभर जिला हसले होते ती ओळ बोटाने मोजली. हंगेरी, दाल्माशिया, क्रोएशिया, रामा, सर्बिया, गालिसिया, लोदोमेरिया. सात. आठवं, नेहमी शेवटी येणारं, कुमानिया. तेच नव्हतं.

त्याने तारीख पाहिली. त्याच वर्षीचा, संदेशाच्या सणाआधीचा रविवार.

एक लेखनिक विसरू शकतो. पण एकमेकांच्या जिवावर उठलेल्या दोन राजांचे दोन लेखनिक एकाच आठवड्यात एकच नाव विसरत नाहीत. बोलणी चालू असेपर्यंत ते नाव कुणीच लिहायचं नाही असं ठरलं होतं, आणि बेटावरच्या सगळ्यांनी तोंड बंद ठेवण्याची शपथ घेतली होती. कुमानांना कळलं असतं की राजाने आपल्याला चार दिवस बाजूला काढून ठेवलं, तर त्यांनी त्याच दिवशी घोडे वळवले असते.

किलित उठला आणि दारातच थबकला. हे सिद्ध करायचं म्हणजे मोठ्याने सांगायचं. आणि भोजनशाळेच्या दारात सहा कुमान उभे होते.

घंटेची दोरी ओढल्याचा आवाज आला.

६

लोखंड निखाऱ्यात होतं. पोशाला आणून बाकावर बसवलं होतं. त्याने स्वतःच केस मागे बांधून घेतले होते.

"तोंड उघडलं नाही ह्याने," चोबान म्हणाला. "किलितबाबा, उशीर केलात."

"सरकार, लोखंड लाल होईपर्यंत एक पत्र वाचाल? मनातल्या मनात."

किलितने टेबलावर तीन कागद ओळीने मांडले. डावीकडे माशांचं पत्र, मधे पेतेंदची सनद, उजवीकडे आयांदोकची. आधी तारखांवर बोट ठेवलं: रविवार, सोमवार, मंगळवार. मग बिरुदांवर.

चोबानचे ओठ हलत होते. सातवर ते थांबले. त्याने पुन्हा मोजलं. त्याची मान हळूहळू लाल होत गेली. त्याने दाराकडे पाहिलं आणि लगेच नजर फिरवली.

"काय लिहिलंय?" कुमान नायकाने विचारलं.

"मासे," चोबान म्हणाला. "थोरल्या राजाला मासे हवेत." मग तो लॅटिनमध्ये, हळू आवाजात किलितला म्हणाला, "बोला. ह्याच भाषेत. आणि देवासाठी, देशाचं किंवा माणसाचं कुठलंही नाव घेऊ नका."

किलित बोलू लागला. पेतेंदला लॅटिनचं अक्षर कळत नव्हतं, कुमानांनाही नाही. डोमोकोशला मात्र सगळं कळत होतं.

"रविवारी बापाने ते नाव गाळलं, सरकार. मंगळवारी लेकाने गाळलं. दोघांपैकी कुणीही एकट्याने आधी मान तुकवली नसती. म्हणजे ठरलं ते दोघांचं मिळून, आणि रविवारीच. मग मधल्या सोमवारी लेकाच्या सनदेत ते नाव आलं कसं? बेटावर लिहिलेली सनद अशी असूच शकत नाही. ही सनद बेटावर नसलेल्या माणसाने, नंतर, घरात बसून लिहिलीय. आणि माझ्या पेटीतली मोहर हिलाच लावलीय."

"हे कसलं बोलणं?" कुमान नायक पुढे आला. "आमच्यासमोर आम्हाला कळेल असं बोला."

"प्रार्थनेची वेळ झालीय," चोबान म्हणाला. "म्हातारा प्रार्थना म्हणतोय. टोपी काढ."

नायकाने टोपी काढली नाही, पण तो थांबला.

"लिहिणारा कोण?" चोबानने त्याच सुरात विचारलं.

"पेटीपर्यंत तिघांचे हात पोचतात. बाकावर बसवलेला, मी आणि तो दुसऱ्या किल्लीचा धनी. बाकावरचा त्या वेळी बेटावर होता, नियम त्याला ठाऊक होता. त्याने सोमवारची खोटी सनद लिहिली असती तर नाव गाळूनच लिहिली असती. उरलो मी आणि हा. माझी झडती घ्या, सनद आणणाऱ्याच्या घराण्याकडून मला काय मिळणार होतं तेही विचारा. पण सरकार, ही सनद बघा. एकही बिरुद सुटलेलं नाही. राजाने स्वतः सोडलेलंसुद्धा नाही. हात तोडून घेईन पण एक शब्द कमी लिहिणार नाही, असं आज दुपारीच मला कुणीतरी म्हणालं."

डोमोकोश पांढरा पडला होता. तो उठला आणि त्याने दाराकडे पाहिलं. किलितला त्या नजरेचा अर्थ कळला. डोमोकोशने फक्त तोंड उघडायचं होतं. हंगेरियनमध्ये एक वाक्य, आणि कुमान नायकाला कळलं असतं की आयांदोकच्या सनदेतलं त्यांचं नाव राजानेच गाळायला लावलं होतं. मग पोशा वाचो न वाचो, देश पेटला असता.

"सरकार," डोमोकोश लॅटिनमध्ये म्हणाला, "मी ह्यांना सांगू शकतो."

"सांग," चोबान त्याच भाषेत म्हणाला. "खोट्या सनदेला कपाळ लागतं. राजाचं गुपित फोडायला मान लागते. तू शिकलेला आहेस, हिशोब तुला जमेल."

निखारा फुटला. डोमोकोशचे ओठ दोनदा हलले.

चोबान त्याची वाट बघत बसला नाही. त्याने चिमट्याने लोखंड उचललं, पेतेंदपुढे नेलं आणि हंगेरियनमध्ये ओरडला, "तुझ्या सनदेची मोहर मठाच्या पेटीतून चोरलेली आहे! कपाळ लिहिणाऱ्याचं किंवा आणणाऱ्याचं. कुणाचं, ते तूच सांग!"

"मी नाही!" पेतेंद भिंतीला चिकटला. "ह्याने लिहिली! डोमोकोशने! मोहर पण त्यानेच कापली. मी फक्त वार सांगितला!"

डोमोकोश खाली बसला आणि त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

७

पेतेंदला बांधून नेलं. डोमोकोशच्या कपाळावर किलितनेच डाग दिला. त्याचा हात हलका होता खरा, पण त्याने काही फरक पडला नाही. तीस वर्षं एका ताटात जेवलेला माणूस ओरडला ते किलितच्या जड कानांनाही पूर्ण ऐकू आलं.

कुमान नायक अजून दारातच होता. "त्या बाईच्या सनदेत आम्ही नाही," तो म्हणाला. "ती पण खोटीच ना मग?"

आयांदोकने किलितकडे पाहिलं. किलितने चोबानकडे. चोबानने घसा साफ केला आणि नवा कागद पुढे सरकवला.

"किलितबाबा, निवाडा लिहा. तीबाची सनद खरी, मोहर खरी, गाव त्याच्या विधवेचं. बिरुद अपुरं राहिलं ते…" तो थांबला. मग त्याने पोशाकडे पाहिलं, बराच वेळ. "ते लेखनिकाच्या विसरभोळेपणामुळे. राजाकडून काही कमी झालेलं नाही. ह्या लेखनिकाने इथून पुढे आयुष्यभर राजाचं बिरुद लिहू नये."

किलितची लेखणी थांबली. एकतीस वर्षांत त्याने खोटं एक अक्षर लिहिलं नव्हतं. आणि हे वाक्य चार परगण्यांत वाचलं जाणार होतं. ज्याला बिरुद लिहिता येत नाही त्या लेखनिकाला जत्रेतलं पत्र लिहायलाही कुणी बोलावत नाही.

"लिहा, काका," पोशा शांतपणे म्हणाला. "मी विसरलो होतो."

कुमान नायक त्याच्यासमोर येऊन उभा राहिला, त्याला वरून खालपर्यंत न्याहाळलं आणि त्याच्या पायाजवळ थुंकला. मग पहिल्यांदाच हसला. "गाढव लेखनिक," असं म्हणून तो घोड्याकडे गेला. पोशाने कमरेत वाकून नमस्कार केला.

किलितने वाक्य लिहिलं. मोहरेचं मेण ओतताना त्याच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि त्याने ते लपवलं नाही.

आयांदोक जाताना पोशाचे हात धरून काहीतरी म्हणाली, पण ते किलितला ऐकू आलं नाही. नंतर किलित आणि पोशा स्वयंपाकघरात बाजरीची पेज खायला बसले. किलितने दार लावलं, खिडकी लावली, आणि तरीही आवाज खाली आणला.

"आता कुणी नाही इथे. मी सगळं ओळखलंय, मला सांगायला काय हरकत आहे? बेटावर काय झालं रे? राजाने स्वतःच्या तोंडाने सांगितलं, गाळा म्हणून? की बापाने सांगितलं?"

पोशाने पेजेचा घास गिळला. त्याचा तो एक चांगला डोळा किलितच्या डोळ्याला भिडला, पापणीसुद्धा लवली नाही.

"कुठल्या बेटावर, काका?"